एकशेवीस शब्दांत

पहिलं परीक्षण मी न ऐकताच लिहिलं.
म्हणजे दुसऱ्या गाण्याला उठलो,
अंधारात चपला चाचपल्या,
आणि कचेरीत येऊन लिहून टाकलं: गोंगाट.
बाकीचे एकशे एकोणीस शब्द त्याच्याभोवती भराव.
माझं काम बाजारभावांचं. राजापुरी, कणी, गूळ, बेदाणा.
सांस्कृतिक पानवाला रजेवर होता, इतकंच.

बँडचं नाव भारनियमन.
भूपाल मगदूम गातो, म्हणजे घसा रंध्यावर धरतो.
बेसवर विरूपाक्ष हिरेमठ, दिवसा सहकारी बँकेत कॅशियर,
नोटा मोजतानाही त्याची बोटं चारच्या मापात.
ड्रमवर सॅमसन आवळे,
मिरजेच्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या टाक्या उचलून
दंड असे झालेले.
आणि गिटार तहसीनची.
तिची मान तडकली तेव्हा आजोबांनीच जोडली,
दस्तगीर सतारमेकरांनी,
"सतारीला भोपळा लागतो, हिला काय लागतंय गं?"
विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सरस लावला.

माझं परीक्षण त्यांनी कापून
मोठ्या ड्रमच्या तोंडावर डकवलं,
सॅमसनच्या पायाचा हातोडा आतून बसतो, बरोबर तिथं.
दोन महिन्यांनी निरोप आला:
सर, अजून एक लिहा की. जुनं झिजलं.

म्हणून कुपवाडला गेलो.
बेदाण्याचं बंद पडलेलं शीतगृह,
भिंतींना अजून गोडसर, आंबूस वास,
आणि माणसं मोजून एकोणीस.
(मोजायची सवय. पोती असोत, माणसं असोत.)

बाबगोंडा, लेथवर कान गेलेला,
स्पीकरवर हनुवटी टेकून उभा,
डोळे मिटलेले, दाढीला येणाऱ्या मुलासारखा शांत.
शेवंताक्का हळद पॉलिशच्या कारखान्यातून थेट आलेली,
कोपरापर्यंत पिवळी.
मी विचारलं, तुम्हाला काय आवडतं यातलं?
"आमचा ड्रम दिसभर फिरतोय, त्यो कायबी बोलत न्हाई.
ह्यो बोलतोय."
मी हे लिहून घेतलं. माझ्या वहीतलं
त्या वर्षातलं ते एकमेव वाक्य, ज्यात भाव नव्हता.
कोपऱ्यात एक पोरगं, दहावीचं असेल,
त्याचीही वही. त्यात दर कार्यक्रमाची तारीख,
कुठली तार तुटली, कुठलं गाणं
मागच्यापेक्षा सावकाश झालं.
मी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या गाण्यात लाईट गेली.
खरीखुरी.
"नावाला जागली रं पोरं!" कुणीतरी ओरडलं.
तहसीनची गिटार क्षणात
रिकाम्या डब्यावर ताणलेलं रबर झाली,
भूपालचा आवाज भिंतीपर्यंत पोचेना,
पण सॅमसनला कुणी थांब म्हटलंच नाही
आणि तो थांबला नाही.

मग एकोणीस तोंडांनी गिटार उचलली.
ट्यांव, ढ्यांव, जे जमेल ते.
बेसूर? हो. पण एकालाही पुढचं वळण
सांगावं लागलं नाही.
ते पोरगं फक्त ओरडायचं, "आता वर! आता वर!"
आणि सगळे वर.

मुका झालेला स्पीकर सोडून बाबगोंडा
चाचपडत पुढं आला, ड्रमवर तळवा ठेवायला.
वाटेत मी होतो.
त्याने माझा हातही ओढला,
स्वतःच्या हाताशेजारी दाबून धरला,
कागदाच्या उरल्यासुरल्या चिटोऱ्यावर.
नंतर बॅटरीच्या उजेडात बघितलं,
'गों' तेवढा शिल्लक होता.

परीक्षण छापून आलं नाही.
त्या जागी ट्रॅक्टरच्या टायरांची जाहिरात आली.
मी हातानं उतरवून नेऊन दिलं सॅमसनला:
डकवा. झिजलं की सांगा.

त्या पोरानं आधी ते ओढून घेतलं,
शेवटपर्यंत वाचलं,
कानामागची पेन्सिल काढली.
"लाईट चौथ्या गाण्याला गेली, सर.
तिसऱ्यात नुसती लुकलुकली हुती.
दुरुस्त करा."
केलं.